हाली रुपयापासून राष्ट्रीय परवान्यापर्यंत : संभाजीनगरची विद्यापीठीय ग्रंथालये आणि नियतकालिकांची वर्गणी

१

विद्यापीठीय ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना ग्रंथांची संख्या, वास्तूची पायाभरणी आणि देणगीदारांची नामावळी यांचा निर्देश करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. नियतकालिकांची वर्गणी हा विषय मात्र या इतिहासात सहसा येत नाही. तो हिशेबनिसाच्या खात्यातला मानला जातो. संशोधकाच्या दृष्टीने पाहता ग्रंथालयाची कसोटी नियतकालिकांच्या दालनातच लागते. ग्रंथात स्थिर झालेले ज्ञान असते, तर नियतकालिकात वाद अजून चालू असतो. शिवाय दोहोंच्या खरेदीत मूलभूत भेद आहे. ग्रंथ एकदा विकत घेतला की तो व्यवहार संपतो. नियतकालिक दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, त्याचे मोल अंक हाती येण्यापूर्वी द्यावे लागते, आणि एका वर्षी वर्गणी चुकली तर मालिकेत जो खंड पडतो तो पुढे दुप्पट पैसे मोजूनही बहुधा भरून निघत नाही.

या कारणाने कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या कपाटातील बांधीव खंडांची रांग ही इतिहासाच्या अभ्यासकास एक साधन म्हणून वापरता येण्यासारखी आहे. कोणती मालिका कोणत्या वर्षी सुरू झाली, कोठे तुटली, तुटलेली पुन्हा जोडली गेली की नाही, याची टिपणे दाखलनोंदवहीतून काढली, तर त्यांतून त्या संस्थेच्या अभ्यासविषयांइतकाच त्या काळच्या चलनाचा आणि अनुदानाचाही इतिहास हाती लागतो.

प्रस्तुत लेखात संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील उच्चशिक्षणाच्या संदर्भात या विषयाचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो घेताना तीन प्रश्न पुढे ठेविले आहेत. नियतकालिकाची किंमत कोण ठरवीत होते? ती कोणत्या नाण्यात भरावी लागत होती? आणि दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात ग्रंथालयाच्या हाती काय उरत होते? गेल्या शंभर वर्षांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलली. त्या बदलांची दिशा ध्यानात आली, म्हणजे आजच्या ग्रंथपालापुढील आणि प्राध्यापकापुढील कर्तव्यही स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानाचे नाणे स्वतंत्र होते. त्यास हाली शिक्का म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास कलदार. साधारणतः ७ हाली रुपयांस ६ कलदार असा भाव होता. १९२७ च्या कायद्याने कलदार रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा ठरविण्यात आला. म्हणजे १ पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. आता या हिशेबाने एखाद्या विलायती त्रैमासिकाची वार्षिक वर्गणी २ पौंड धरली, तर ती मुंबईच्या महाविद्यालयास सुमारे २६ रुपये ११ आण्यांस पडे, आणि औरंगाबादेतील महाविद्यालयास तीच वर्गणी हालीत ३१ रुपयांहून अधिक पडे. केवळ भाव पाहता हा तोटा नव्हे, कारण वेतने आणि अनुदानेही हालीतच होती. तथापि संस्थानातील संस्थेस परदेशी नियतकालिक मागविण्यासाठी दोन वेळा नाणे बदलावे लागे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लंडनच्या आणि येथील वाचकाच्या मध्ये दोन सीमा होत्या, आणि दोन्ही सीमांवर हिशेब करावा लागे. हाली शिक्का पूर्णपणे चलनातून गेला तो १९५९ साली. संस्थानाचे विलीनीकरण १९४८ च्या सप्टेंबरात झाले होते, तरी नाणे त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळत होते.

त्या काळी औरंगाबाद हे केवळ नियतकालिके मागविणारे गाव होते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्या कारकिर्दीत अनेक वर्षे या शहरात होते, आणि ‘उर्दू’ हे त्या संस्थेचे प्रसिद्ध त्रैमासिक १९२१ साली येथूनच निघू लागले. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले होते, आणि उच्चशिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग तेथे चालू होता. त्या विद्यापीठाशी संलग्न असे महाविद्यालय औरंगाबादेत १९२३ साली सुरू झाले. शिक्षणाची भाषा एक, सामान्य प्रजेची भाषा दुसरी, आणि विज्ञानविषयक नियतकालिकांची भाषा तिसरी, अशी ही परिस्थिती होती. मराठी अभ्यासकास या व्यवस्थेत आपले स्थान शोधावे लागले, हे खरे. परंतु एक दर्जेदार संशोधन-त्रैमासिक या शहरातून देशभर जात होते, ही वस्तुस्थिती आपल्या ग्रंथालयीन इतिहासात नोंदली गेली पाहिजे. तिचे महत्त्व पुढील विवेचनात दिसून येईल.

३

वर्गणी भरून नियतकालिक मिळविणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग विनिमयाचा, आणि महाराष्ट्रातील संशोधनसंस्थांनी त्याचा उपयोग मोठ्या कौशल्याने केलेला आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघाले आणि त्याचे त्रैमासिक अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची, आणि त्याच्या ‘अ‍ॅनल्स’चा आरंभ १९१९ चा. मुंबईस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेची परंपरा तर १८०४ मध्ये स्थापन झालेल्या साहित्यसभेपर्यंत मागे जाते. या संस्था आपली पत्रिका परदेशी संस्थांस पाठवीत आणि त्यांची पत्रिका बदल्यात घेत.

या व्यवहाराची रीत साधी असते. अंकास अंक, मालिकेस मालिका. दोन्ही पक्षी टपालखर्च तेवढा करावयाचा. यात पौंडाचा भाव येत नाही, रुपयाचा येत नाही, मध्यस्थाची अडत येत नाही. जर्मनीतील किंवा हॉलंडमधील संस्थेच्या दृष्टीने पुण्याच्या त्रैमासिकाचे मोल त्यातील शोधनिबंधांवर ठरे, छापील किमतीवर नव्हे. म्हणजे ज्या संस्थेजवळ द्रव्य थोडे पण विद्या आहे, तिला विद्येच्या बळावर ग्रंथालय वाढविता येत होते. प्राच्यविद्या, इतिहास, भाषाशास्त्र या विषयांत आपल्याकडे परदेशी मालिका जेथे जेथे जमल्या, तेथे या मार्गाचा वाटा मोठा आहे.

रसायन, पदार्थविज्ञान, वैद्यक या शास्त्रांत मात्र हा मार्ग फारसा चालला नाही. तेथील पत्रिका विद्वत्संस्थांकडून क्रमशः व्यापारी प्रकाशकांकडे गेल्या, आणि व्यापारी प्रकाशकास आपल्या पत्रिकेच्या बदल्यात दुसऱ्याची पत्रिका नको असते. विद्यापीठांच्या विभागीय संशोधन-पत्रिकांचा विचार करताना विनिमयाची ही बाजू आपण विसरतो. अशी पत्रिका म्हणजे प्राध्यापकांचे लेख छापण्याची सोय, एवढेच आपण मानतो. परंतु नियमितपणे निघणारी आणि वाचण्याजोगी पत्रिका हे ग्रंथालयाच्या दृष्टीने एक चलनही होते. तिचा अंक उशिरा निघाला किंवा पोकळ निघाला, तर बदल्यात येणारी मालिकाही थांबे.

४

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क आणि लंडन येथील ग्रंथालयांत बसून ज्याने आपले संशोधन सिद्ध केले, अशा विद्वानाने मराठवाड्यासारख्या मागासलेल्या विभागात महाविद्यालय स्थापावे, यात ग्रंथालयाविषयीची एक अपेक्षाही गृहीत होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना होऊन पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू श्री. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या कारभाराचा दीर्घ अनुभव घेऊन आले होते. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे विद्यापीठाच्या क्षेत्रात होते.

नव्या विद्यापीठास ग्रंथ विकत घेणे कठीण नसते. जुन्या संशोधन-मालिकांचे मागील खंड मिळविणे हे कठीण असते. १८५७ चे मुंबई विद्यापीठ आणि १९५८ चे मराठवाडा विद्यापीठ यांत जे शंभर वर्षांचे अंतर आहे, ते अभ्यासकास सर्वांत आधी नियतकालिकांच्या कपाटात जाणवते. अनुदानातून चालू वर्षाची वर्गणी भरता येते. गेल्या पन्नास वर्षांचे अंक मात्र जुन्या पुस्तकांच्या परदेशी व्यापाऱ्याकडून, त्याने मागितलेल्या किमतीस घ्यावे लागतात.

ग्रंथालयांवर किती खर्च व्हावा, याविषयी त्या काळी बरेच चिंतन झाले होते. डॉ. राधाकृष्णन् यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) संस्थेच्या एकूण खर्चाच्या सुमारे सहा टक्के रक्कम ग्रंथालयास द्यावी, असे सुचविले. श्री. चिंतामणराव देशमुख हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना १९५७ साली डॉ. रंगनाथन् यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमण्यात आली. तिने दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये असे प्रमाण सांगितले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ते अनुक्रमे २५ आणि ३०० रुपयांपर्यंत नेले. समजा, एखाद्या महाविद्यालयात ६०० विद्यार्थी आणि ३० अध्यापक आहेत. रंगनाथन् समितीच्या प्रमाणाने त्याच्या ग्रंथालयास वर्षाला १५,००० रुपये मिळावयास हवेत, आणि त्यांतच ग्रंथ, नियतकालिके, बांधणी हे सर्व भागवावयाचे.

या प्रमाणात एक उणीव होती. ती समितीच्या विद्वत्तेची नव्हे, परिस्थितीची होती. प्रमाण रुपयांत ठरविले होते. वर्गणीचा मोठा भाग मात्र पौंडांत आणि डॉलरांत भरावयाचा होता.

५

१९४९ च्या सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन केले आणि भारताने रुपयाही त्याच प्रमाणात खाली आणला. पौंडाचा भाव तोच राहिला. डॉलर मात्र सुमारे ३ रुपये ३० पैशांवरून ४ रुपये ७६ पैशांवर गेला. (हिशेबाच्या सोयीसाठी येथे दशमान पैसे योजिले आहेत.) त्यामुळे अमेरिकी नियतकालिके एका रात्रीत जवळजवळ ४४ टक्क्यांनी महागली आणि इंग्रजी नियतकालिके जुन्याच भावात राहिली. आपल्या अनेक ग्रंथालयांत त्या पिढीचे झुकते माप इंग्लंडकडे दिसते. त्यामागे परंपरा आहेच, पण विनिमयदराचाही भाग असला पाहिजे. दाखलनोंदवह्यांच्या साहाय्याने हे तपासून पाहण्यासारखे आहे.

६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने असा भेद ठेविला नाही. डॉलर ७ रुपये ५० पैसे झाला आणि पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. वाढ साडेसत्तावन्न टक्के. एका ग्रंथालयाकडे नियतकालिकांसाठी १०,००० रुपये आहेत आणि प्रत्येक पत्रिकेची वर्गणी १० पौंड आहे, असे धरू. मे १९६६ मध्ये त्या रकमेत ७५ पत्रिका येत. जुलैमध्ये ४७ येऊ लागल्या. नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्लंडने पुन्हा अवमूल्यन केल्यावर पौंड १८ रुपयांवर आला आणि संख्या ५५ पर्यंत चढली. पण मध्यंतरी बंद केलेल्या पत्रिकांच्या मालिकांत पडलेला खंड त्यामुळे भरून निघाला नाही. नवे विद्यापीठ आठ वर्षांचे असताना हा आघात झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या आणि नव्या विद्यापीठांवरील परिणामांत किती फरक असेल, याची कल्पना येते. जुन्या ग्रंथालयाच्या शंभर खंडांच्या मालिकेत दोन वर्षांचा खंड पडतो. नव्या ग्रंथालयाची मालिका उभी राहावयाच्या आतच मोडते.

विनिमयदराखेरीज आणखी एक अडचण होती. ती बाहेरच्यास क्षुल्लक वाटेल, परंतु ग्रंथपालास रोज भेडसावणारी आहे. नियतकालिकाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, शासनाचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढील जानेवारीच्या अंकांसाठी मागणी आदल्या शरद ऋतूतच नोंदवावी लागते आणि रक्कम आगाऊ भरावी लागते. अनुदानाचा हप्ता मात्र पुष्कळदा आर्थिक वर्ष संपता संपता हाती येतो. आगाऊ दिलेल्या रकमेबद्दल लेखापरीक्षक विचारणा करतात की माल कोठे आहे. माल तर अजून छापलाही गेलेला नसतो. अंक सागरी टपालाने येण्यास दोन-तीन महिने लागत. न पोहोचलेल्या अंकाची तक्रार करण्याची मुदत त्याच सुमारास संपे. त्यामुळे वर्गणी पूर्ण भरूनही मालिका अपुरी राहण्याचा प्रसंग येई. पुढे विनिमयदर ठरविण्यावरून ग्रंथविक्रेते आणि ग्रंथालये यांत वाद होऊ नयेत म्हणून प्रकाशक-विक्रेत्यांच्या महासंघाच्या पुढाकाराने ‘गुड ऑफिसेस कमिटी’ स्थापन झाली, आणि तिने जाहीर केलेले दर ग्रंथालयांनी देयकांसाठी दीर्घकाळ प्रमाण मानले. हे दर बँकेच्या दराहून चढे असत. तेवढे मोल ग्रंथालये निश्चिततेसाठी देत होती, असे म्हणता येईल.

या काळात दोन उपायांनी अभ्यासकांची काहीशी सोय झाली. दिल्लीस १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने ‘इन्सडॉक’ हे वैज्ञानिक प्रलेखनाचे केंद्र स्थापन झाले. एखाद्या लेखाची प्रत तेथून टपालाने मागविता येई. संपूर्ण पत्रिका घेणे अशक्य असलेल्या विभागांस हा मोठाच आधार होता. दुसरे म्हणजे १९५१ च्या अमेरिकी गहू-कर्जाच्या व्याजातील ५० लक्ष डॉलरपर्यंतची रक्कम शैक्षणिक देवघेवीसाठी राखून ठेवण्यात आली आणि तिच्यातून भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांस अमेरिकी ग्रंथ व साधने मिळाली. याच्या उलट दिशेचा प्रवाहही अभ्यासनीय आहे. पी. एल. ४८० या कायद्याखाली धान्याच्या मोबदल्यात भारतात साचलेले रुपये वापरून १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने भारतीय प्रकाशने गोळा करण्यास आरंभ केला. त्यांत मराठीही होती, आणि त्यांच्या प्रती तिकडील अनेक विद्यापीठांस पाठविण्यात येत. आपण डॉलरच्या अभावी त्यांची पत्रिका बंद करीत होतो, त्याच काळात ते आपल्याच रुपयांत आपली पत्रिका घेऊन बांधून ठेवीत होते.

६

येथवर चलनाची बाजू पाहिली. खुद्द किमतीची बाजू त्याहून गहन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत संशोधनावर शासनाचा प्रचंड पैसा खर्च होऊ लागला आणि निबंधांची संख्या वाढली. विद्वत्संस्थांच्या पत्रिका त्यांस पुरेनात. ही संधी व्यापारी प्रकाशकांनी साधली. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ मध्ये पर्गमन प्रेस हाती घेतली आणि विज्ञानाच्या एकेका उपशाखेसाठी स्वतंत्र पत्रिका काढण्याचा सपाटा लावला.

या व्यापारात सामान्य बाजाराचा नियम चालत नाही. ज्वारी महागली तर माणूस बाजरी खाईल. पण ज्या निबंधाचा निर्देश आपल्या विषयात अटळ आहे, तो निबंध दुसऱ्या स्वस्त पत्रिकेत मिळत नाही. पत्रिका सुचविणारा प्राध्यापक एक आणि पैसे देणारे ग्रंथालय दुसरे, म्हणून मागणी करणाऱ्यास किमतीची झळ लागत नाही. लेखक मोबदला घेत नाही, परीक्षक घेत नाही, बहुधा दोघांचेही वेतन विद्यापीठच देते. आणि शेवटी तोच निबंध विद्यापीठ पैसे देऊन परत विकत घेते. अशा व्यवहारात किंमत उत्पादनखर्चावर ठरत नाही. ग्रंथालयाची सहनशक्ती जेथे संपते तेथपर्यंत ती चढत जाते.

कोणत्या पत्रिका अटळ समजाव्यात, याचेही शास्त्र याच काळात बनले. सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली असे दाखविले होते की कोणत्याही विषयाचे बरेचसे निबंध थोड्या पत्रिकांत एकवटलेले असतात आणि उरलेले असंख्य पत्रिकांत विखुरलेले असतात. या निरीक्षणाचा उपयोग निर्धन ग्रंथालयास फार होता. थोड्या पैशांत काय घ्यावे, हे त्यावरून ठरविता येई. पुढे यूजीन गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ पासून निघू लागली, आणि ‘मुख्य पत्रिका’ कोणत्या ते तिच्या आधारे मोजले जाऊ लागले. मात्र जी पत्रिका यादीत आली ती प्रत्येक ग्रंथालयास हवीशी झाली, आणि जी सर्वांस हवी तिची किंमत वाढविणे प्रकाशकास सुलभ झाले. मराठीसारख्या भाषांतील पत्रिका या मोजमापात जवळजवळ आल्याच नाहीत.

१९९१ हे वर्ष या इतिहासात दोन्ही बाजूंनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पर्गमन प्रेस एल्सेव्हिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली. त्याच वर्षीच्या जुलैत रुपयाचे पुन्हा अवमूल्यन होऊन डॉलर सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेला. १०० डॉलरची वर्गणी १९६६ च्या मे महिन्यात ४७६ रुपयांस पडत होती. अवमूल्यनानंतर ७५० रुपयांस. १९९१ च्या जुलैत सुमारे २,६०० रुपयांस. आणि २०२४ च्या अखेरीस सुमारे ८,५०० रुपयांस. प्रकाशकाने छापील किंमत एका सेंटानेही वाढविली नसती, तरी रुपयातील मोल १७ ते १८ पट झाले असते. प्रत्यक्षात छापील किंमतही सतत वाढतच होती.

मराठवाड्यात १९९४ मध्ये आणखी एक घटना घडली. त्या वर्षी १४ जानेवारी रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले, आणि सप्टेंबरात नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विभागाच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. नियतकालिकांच्या दृष्टीने मात्र एकाच विभागात दोन स्वतंत्र दालने उभी करावयाची होती, आणि तीही छापील पत्रिकांची वर्गणी सर्वांत असह्य झालेल्या दशकात.

७

एकेकट्या ग्रंथालयाने प्रकाशकाशी सौदा करणे अशक्य झाल्यावर संघाची कल्पना पुढे आली. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत १९९१ साली विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडण्याचा ‘इन्फ्लिबनेट’ प्रकल्प सुरू झाला. १९९६ मध्ये ती गुजरातेत स्वतंत्र संस्था झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘इन्फोनेट’ योजना २००२ च्या डिसेंबरात जाहीर झाली आणि २००४ पासून तिच्यामार्फत विद्यापीठांस संगणकावर पत्रिका वाचावयास मिळू लागल्या. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ आले. त्याची वार्षिक वर्गणी ५,००० रुपये ठेवण्यात आली. ज्या रकमेत एक विलायती पत्रिकाही आली नसती, त्या रकमेत तालुक्याच्या महाविद्यालयास हजारो पत्रिका खुल्या झाल्या. या सर्व योजना २०१५ मध्ये ‘ई-शोधसिंधू’ या नावाखाली एकत्र करण्यात आल्या.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा विस्तार सांगण्यात आला. वर्षाचे २,००० कोटी या वाचकसंख्येत विभागले, तर दर माणशी सुमारे १,१०० रुपये येतात. रंगनाथन् समितीच्या १५ रुपयांशी त्यांची सरळ तुलना करता येणार नाही, कारण मधल्या काळात रुपयाच निराळा झाला आहे. परंतु खर्चाची जबाबदारी संस्थेवरून राष्ट्रावर गेली, हा बदल या दोन आकड्यांत दिसतो.

या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दिल्लीतील संशोधकास जी पत्रिका दिसते तीच मराठवाड्यातील शासकीय संस्थेतील विद्यार्थ्यास त्याच दिवशी दिसते, ही गोष्ट १९५८ मध्ये कोणी स्वप्नातही आणली नसती. हाली-कलदार, सागरी टपाल, गहाळ अंक, लेखापरीक्षकाची विचारणा, हे सर्व अडथळे एका फटक्यात गेले. तथापि आरंभी मांडलेले तीन प्रश्न येथेही विचारले पाहिजेत.

किंमत कोण ठरविते? प्रकाशक आणि केंद्रीय वाटाघाट-समिती. नाणे कोणते? देयक रुपयांत असले तरी मूळ हिशेब परकीय चलनाचाच. हाती काय उरते? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत विचार करण्यासारखे आहे. १९६६ मध्ये ज्या ग्रंथालयाने एखादी पत्रिका बंद केली, त्याच्या कपाटात १९६५ चा बांधीव खंड राहिला, आणि तो आजही तेथे उघडून पाहता येतो. परवान्याची मुदत संपली म्हणजे कपाटच बंद होते. काही करारांत मागील अंक वाचण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो, पण तो करारातून मिळतो, मालकीतून नव्हे. शिवाय मान्यतेच्या वेळी जाहीर केलेल्या शब्दरचनेत केंद्र आणि राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांचा अंतर्भाव होता. मराठवाड्यात, आणि एकंदर महाराष्ट्रातही, उच्चशिक्षणाचा मोठा भार खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेल्या महाविद्यालयांनी वाहिला आहे. त्यांचे स्थान या व्यवस्थेत काय राहते, यावर योजनेचा येथील खरा परिणाम अवलंबून राहील.

८

राष्ट्रीय परवान्याने एक भ्रम उत्पन्न होण्याचा संभव आहे. नियतकालिकांचा प्रश्न आता दिल्लीने सोडविला, येथील ग्रंथालयास त्यात करण्यासारखे काही उरले नाही, असा तो भ्रम होय. तो दूर करण्यासाठी आपल्याच शहराकडे पाहिले पाहिजे. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ साली स्थापन झाली. ‘प्रतिष्ठान’ हे तिचे नियतकालिक. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच शहरातून ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुरू केले, आणि दलित साहित्याच्या चळवळीचा इतिहास त्याच्या अंकांवाचून लिहिता येत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचा ‘संशोधक’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, महाविद्यालयांची वार्षिके, लहान गावांतून निघून चार-पाच वर्षांत बंद पडलेली अनियतकालिके, ही सर्व याच वर्गातील होत.

यांची वर्गणी कधीच कोणास जड नव्हती. एका परदेशी पत्रिकेच्या वार्षिक मोलात यांतील अनेकांच्या दहा-दहा वर्षांच्या वर्गण्या भागल्या असत्या. तरी त्यांच्या पूर्ण मालिका आज दुर्मिळ आहेत. महाग पत्रिकेची प्रत्येक ग्रंथालय चौकशी करी. तिच्यासाठी समिती बसे, टिपण लिहिले जाई, तिची बांधणी होई. स्वस्त पत्रिका टेबलावर ठेवली जाई आणि वर्षअखेरीस रद्दीत जाई. किंमत आणि मोल यांची गल्लत ग्रंथालयाच्या रोजच्या व्यवहारात इतक्या साध्या रीतीने होते. श्री. शंकर गणेश दाते यांच्यासारख्या सूचिकारांनी आयुष्य वेचून मराठी ग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या सूची केल्या, म्हणून निदान काय काय छापले गेले होते हे आपणांस कळते. सूचीत नाव असणे आणि कपाटात अंक असणे यांतील अंतर मात्र ग्रंथालयांनीच भरून काढावयाचे आहे.

पी. एल. ४८० चे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. मराठी पत्रिकेचा जो अंक आपल्याकडे मिळत नाही, तो परदेशातील विद्यापीठात बांधून ठेवलेला सापडण्याचा संभव आहे, आणि तो पाहण्यासाठी येथील विद्यार्थ्यास उद्या परवाना मागावा लागला तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण राहणार नाही.

म्हणून सूचना अशी की परदेशी पत्रिकांचा जो भार राष्ट्रीय योजनेने उचलला आहे, त्यातून विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जी थोडीबहुत रक्कम मोकळी होईल, तिचा एक निश्चित भाग विभागातील मराठी, उर्दू आणि हिंदी नियतकालिकांच्या मालिका पूर्ण करण्यासाठी राखून ठेवावा. त्यासाठी प्रथम जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथालयांची एक संयुक्त सूची करावी, कोणाजवळ कोणते खंड आहेत आणि कोणते नाहीत ते नोंदवावे, आणि अपुऱ्या मालिका परस्परांच्या दुबार अंकांनी पुऱ्या कराव्यात. विनिमयाची जुनी रीत येथे अजून उपयोगी पडेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयातील दाखलनोंदवही आणि बांधीव खंड यांचा मेळ घालून एकेका मालिकेचे टिपण केले, तर ते प्रबंधाच्या योग्यतेचे काम होईल, आणि प्रस्तुत लेखात केवळ अनुमानाने मांडलेल्या काही विधानांची शहानिशाही त्यातून होईल.

१९२१ साली या शहरातून एक त्रैमासिक निघाले आणि देशातील विद्वानांनी ते वर्गणी भरून मागविले. त्या त्रैमासिकाचे, ‘प्रतिष्ठान’चे आणि ‘अस्मितादर्श’चे सर्व अंक एका दालनात, एका छताखाली आणि आपल्या मालकीने या शहरात पाहावयास मिळावेत, एवढी अपेक्षा ठेवणे अवास्तव होणार नाही. त्यास ६,००० कोटी रुपये लागणार नाहीत. एका ग्रंथपालाची चिकाटी आणि काही अध्यापकांचे लक्ष एवढे पुरेसे आहे.